घरी परत येण्याचा हक्क

युटा, ॲरिझोना किंवा टेक्सासच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी माणसाला मॉर्मन चर्चच्या तरुण मिशनरींची, म्हणजे धर्मप्रचारकांची, जोडी ओळखीची असते. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी आणि पाटीवर चर्चच्या नावासोबत फक्त आडनाव, त्याच्या आधी ‘एल्डर’. मुली असतील तर ‘सिस्टर’. बेल वाजते, आपण दार उघडतो, नम्रपणे नको म्हणतो आणि दार लावून घेतो. भारतात मिशनरींचा विषय निघाला की चर्चा लगेच धर्मांतराकडे वळते. प्रचाराचा अधिकार कुठवर, आमिष कशाला म्हणायचं, कायदा काय सांगतो, यावर तावातावाने बोललं जातं. ते प्रश्न खरे आहेत. पण दारात उभ्या असलेल्या त्या पोराविषयी कुणी विचारत नाही. तो अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, घरापासून फार दूर असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला अजून कितीतरी दारं वाजवायची असतात.

मी हिंदू घरातली, युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात राहणारी. या मुलांचा धर्म माझा नाही आणि त्यांच्या शिकवणुकीवर मला इथे काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते एवढंच. या मुलांना मिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या धर्मप्रचारावर, जाण्याचं स्वातंत्र्य आहे आणि असावं. दार वाजवण्याचं स्वातंत्र्यही असावं, जसं आपल्याला ते न उघडण्याचं आहे. पण मुदत संपण्याआधी, कपाळावर डाग न घेता घरी परत येण्याचं स्वातंत्र्य मात्र त्यांना आज खऱ्या अर्थाने नाही. ते मिळवून देणं ही त्यांना पाठवणाऱ्या चर्चची जबाबदारी आहे, आणि ती चर्चने उघडपणे घेतली पाहिजे.

थोडी माहिती आधी द्यायला हवी. ‘मॉर्मन’ हा शब्द वाचकांच्या ओळखीचा म्हणून वापरते. चर्चचं नाव ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं आहे आणि 2018 पासून तेच पूर्ण नाव वापरावं असा नेतृत्वाचा आग्रह आहे. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या पंथाचे आज जगभर सुमारे पावणेदोन कोटी सदस्य आहेत. 2024 च्या अखेरीस 74 हजारांहून अधिक तरुण मिशनरी पूर्णवेळ प्रचाराचं काम करत होते. मुलांची मुदत दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. ऑक्टोबर 2012 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी मुलांसाठी किमान वय 19 वरून 18 वर आणि मुलींसाठी 21 वरून 19 वर आणलं, तेव्हा वर्ष-दीड वर्षात मिशनरींची संख्या 58 हजारांवरून 80 हजारांच्या पुढे गेली. वयाचा हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. पूर्वी बहुतेक मुलं कॉलेजचं एक वर्ष काढून, थोडंफार जग पाहून जायची. आता अनेक जण शाळा संपली की थेट निघतात.

पगार नसतो. उलट अमेरिकेतलं कुटुंब दरमहा ठरावीक रक्कम भरतं. जुलै 2020 पासून ती 500 डॉलर आहे, म्हणजे दोन वर्षांचे 12 हजार डॉलर. काही मुलं शाळेत असल्यापासून हे पैसे साठवतात. गरीब देशांतल्या मुलांचा बराचसा भार चर्च उचलतं. कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही. अर्ज केल्यावर सॉल्ट लेकहून, म्हणजे चर्चच्या मुख्यालयातून, पत्र येतं, त्याला ‘कॉल’ म्हणतात. आजी-आजोबा, मामा-मावश्या जमतात आणि सगळ्यांसमोर ते उघडलं जातं. पेरू निघेल, फिलिपिन्स निघेल किंवा शेजारचं आयडाहो निघेल. नवीन भाषा शिकायची असेल तर सहा ते नऊ आठवडे युटातल्या प्रोव्होसारख्या एखाद्या प्रशिक्षण केंद्रात, आणि मग थेट रस्त्यावर.

आता त्याचा दिवस. साडेसहाला उठायचं, व्यायाम, अंघोळ, नाश्ता. मग धर्मग्रंथांचा अभ्यास: आधी एकट्याने, नंतर जोडीदाराबरोबर, आणि परक्या देशात असेल तर त्यावर भाषेचा तास. मग सायकल, बस किंवा पायपीट. दारं वाजवायची, रस्त्यात लोकांना थांबवायचं, आता फोनवरून संदेशही पाठवायचे. कुणाचं सामान हलवून द्यायचं, कुणाच्या अंगणातला बर्फ उपसून द्यायचा. कुणी ऐकायला तयार झालं तर धडे शिकवायचे. रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास खोलीवर परत, दुसऱ्या दिवसाचं नियोजन आणि साडेदहाला दिवे बंद. 2017 मध्ये या वेळापत्रकात थोडा सैलपणा आला, पण साचा तोच राहिला. सिनेमा नाही, टीव्ही नाही, पोहणं नाही, प्रेमप्रकरण नाही, आवडीचं गाणं नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, ‘पी-डे’ म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुणं, किराणा आणणं, केस कापणं आणि घरच्यांना लिहिणं त्या दिवशी.

हे सगळं कठीण आहे, पण शिस्तीचं जिणं म्हटलं की असलं काही येतंच. मला जास्त विचार करायला लावते ती जोडीदाराची व्यवस्था. मिशनरी कधीही एकटा नसतो. झोपायची खोली एकच, अभ्यासाचं टेबल बहुधा एकच, आणि न्हाणीघर सोडलं तर जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असलाच पाहिजे असा नियम. हा जोडीदार त्याने निवडलेला नसतो, मिशन प्रेसिडेंटने, म्हणजे त्या भागातल्या मिशनच्या प्रमुखाने, नेमून दिलेला असतो. साधारण सहा आठवड्यांच्या ‘ट्रान्सफर’च्या चक्रात जोडीदार बदलू शकतो, गाव बदलू शकतं. पटलं तर जन्माची मैत्री होते, अशा मैत्र्या मी पाहिल्या आहेत. पटलं नाही तर चोवीस तास एकाच माणसाच्या सहवासात काढायचे आणि कुणाकडे फार तक्रारही करायची नाही, कारण सहनशीलता हाही परीक्षेचाच भाग मानला जातो.

या नियमामागे सुरक्षेचा विचार आहे आणि तो रास्त आहे. परक्या शहरात एकटं पोर फिरण्यापेक्षा दोघं बरी. पण याच नियमामुळे जोडीदार एकमेकांचे राखणदारही होतात. उशिरा उठणं, नियमाबाहेरचं एखादं संकेतस्थळ पाहणं, अभ्यास टाळणं, सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर घडतं. घराची आठवण आली तरी रडायला एकांत मिळत नाही. घरासाठी असं झुरणाऱ्या मिशनरीला त्यांच्या बोलीत ‘ट्रंकी’ म्हणतात, म्हणजे ट्रंक भरून बसलेला. त्यात चिडवणं आहे आणि थोडा ठपकाही आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला आईची आठवण यावी ही कमतरता कशी काय ठरते, हे मला कधीही पटलेलं नाही.

त्यात नकाराचा भाग येतो. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज यांनी 1980 मध्ये अमेरिकेतल्या एका मॉर्मन मिशनची आकडेवारी तपासली. अनोळखी दार वाजवून सुरू झालेल्या हजार प्रयत्नांमागे एखादाच माणूस पंथात येत होता. उलट एखाद्या सदस्य-मित्राच्या घरी मिशनरींशी गाठ पडली तर जवळपास निम्मे लोक येत होते. माणूस विश्वास ठेवतो तो आधी माणसावर, हे त्या आकड्यांतून स्वच्छ दिसतं. चर्चलाही ते चांगलं ठाऊक आहे आणि गेली कित्येक वर्षं सदस्यांच्या ओळखीतून काम करण्यावर भर दिला जातो. तरीही दारोदार फिरणं संपलेलं नाही. 2024 मध्ये जगभरात तीन लाखांहून थोडे जास्त लोक नव्याने चर्चमध्ये आले. वाटून पाहिलं तर एका मिशनरीमागे वर्षाला चार. तेही सरासरीने, आफ्रिकेत किंवा लॅटिन अमेरिकेत हा आकडा कितीतरी वर जातो आणि पश्चिम युरोपात दोन वर्षं राबून एखाद-दुसरा बाप्तिस्मा पदरात पडला तरी पुष्कळ.

नकार पचवायला शिकणं वाईट नाही. विमा विकणारा ते शिकतो, निवडणुकीत घरोघर फिरणारा कार्यकर्ता शिकतो. पण विमा विकणाऱ्याला कुणी असं सांगत नाही की तुझ्या श्रद्धेत आणि आज्ञापालनात कसर राहिली म्हणून पॉलिसी गेली नाही. मिशनरीला नियम काटेकोर पाळलेस तर देव यश देईल असं वारंवार ऐकवलं जातं. यश आलं नाही की त्याचा अर्थ मुलगा आपणहून लावतो: चूक माझी. मग तो अजून कसून नियम पाळतो, केलेली प्रार्थना पुन्हा करतो, क्षुल्लक विचारासाठी स्वतःला दोषी ठरवतो, कबुली देतो, तरी मन निवत नाही. धार्मिक स्वरूपाचा मंत्रचळ हा मानसोपचारात ओळखला जाणारा आजार आहे आणि ज्याचा कल मुळातच तिकडे असतो त्याच्यासाठी हे वातावरण सुकं गवत आहे. चर्च आता निघण्यापूर्वी शारीरिक आणि मानसिक आरोग्याची तपासणी करतं, समुपदेशनाची सोय ठेवतं, आणि ज्यांना प्रकृतीमुळे बाहेर जाता येत नाही त्यांना घरी राहून ‘सेवा मिशन’ करता येतं. हे बदल चांगले आहेत आणि त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. पण अठराव्या वर्षी न दिसलेला आजार एकोणिसाव्या वर्षी उगवू शकतो, आणि तेव्हा मुलगा घरी नसतो.

आकड्यांचा दबाव किती दूर नेऊ शकतो याचं उदाहरण चर्चच्या स्वतःच्या इतिहासात आहे. 1960 च्या आसपास ब्रिटनमध्ये तरुण मिशनरींनी मुलांचे बेसबॉलचे संघ काढले आणि संघात खेळायचं तर बाप्तिस्मा घ्यायचा, असा प्रकार सुरू झाला. वरून बाप्तिस्म्यांची अपेक्षा भरमसाट होती. पोरं खेळायला आली, बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडवली गेली आणि पुन्हा चर्चमध्ये दिसली नाहीत. पुढे अनेकांची नावं पटावरून काढावी लागली. ज्यांना धर्म म्हणजे काय ते कळतही नव्हतं त्या मुलांवर तो अन्याय झाला, हे सगळे मानतात. त्या वीस वर्षांच्या मिशनरींवरही अन्याय झाला, हे फारसं कुणी बोलत नाही. आयुष्यातली उमेदीची दोन वर्षं देवाला द्यायला गेलेल्या मुलांना हिशेबाच्या रकान्यांसाठी खोटं वागायला लावलं गेलं. आज तसे प्रकार चालत नाहीत, पण दर आठवड्याला आकडे कळवायची पद्धत आहेच: नवीन किती जण भेटले, किती जण रविवारी सभेला आले, कुणाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली.

आणि मग काही मुलं परत येतात. कुणाला नैराश्य येतं, कुणाची पाठ धरते, कुणाचा विश्वासच डळमळतो, कुणी नियम मोडतो. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर मुदत पुरी करून येणाऱ्या मिशनरीचं स्वागत पाहण्यासारखं असतं. फलक, फुगे, पाळण्यातल्या भाच्यांपासून पणजीपर्यंत सगळं गोत. पुढच्या एखाद्या रविवारी तो वॉर्डात, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीत, उभा राहून आपले अनुभव सांगतो. ‘आरएम’, म्हणजे मिशन करून आलेला, ही लग्नाच्या बाजारातही जमेची बाजू असते. कितीतरी मुलींना लहानपणापासून असाच नवरा बघ म्हणून सांगितलेलं असतं. आठव्या महिन्यात परतलेल्या मुलासाठी फुगे नसतात. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा असा आला तेव्हा त्याची आई आठवडाभर दुकानातही गेली नाही, कारण भेटेल तो विचारणार: अरे, इतक्यात? वाईट हेतूने कुणी विचारलं नसतं. इथली माणसं प्रेमळ आहेत, अडीअडचणीला धावून येणारी आहेत, हे मी अनुभवाने सांगते. पण प्रश्नाचं ओझं त्या प्रेमाने कमी होत नाही.

मराठी माणसाला या जागी विठ्ठलपंत आठवायला हवेत. ऐन तारुण्यात काशीला जाऊन संन्यास घेतला, गुरूच्याच आज्ञेने आळंदीला संसारात परतले, आणि समाजाने त्यांना वाळीत टाकलं. परत येण्याची शिक्षा त्यांनी भोगली, रुक्मिणीबाईंनी भोगली आणि ‘संन्याशाची पोरं’ म्हणून ज्ञानेश्वरादी भावंडांनी भोगली. संन्यास जन्माचा असतो, मिशन दोन वर्षांचं. मॉर्मन समाज मुदतीआधी परतलेल्याला वाळीत टाकत नाही, त्याचं सदस्यत्व काढून घेत नाही. फरक मोठा आहे आणि तो मी झाकत नाही. पण पवित्र कामाला निघालेला माणूस मध्येच घरी आला तर त्याच्या येण्यातच पाप शोधण्याची आपल्या सगळ्या समाजांची सवय जुनी आहे. त्या काळच्या आळंदीला ती महागात पडली असं आपण आज मानतो. मग तीच सवय दुसऱ्या समाजात दिसली तर त्याविषयी बोलायला आपण संकोचू नये.

माझ्या म्हणण्यावर इथले शेजारी तीन हरकती घेतात. तिन्ही विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली अशी की अठराव्या वर्षी मुलगा सैन्यात जाऊ शकतो, मतदान करू शकतो, मग मिशनचा निर्णय त्याचा नाही असं कसं म्हणता? मी तसं म्हणतच नाही. निर्णय त्याचाच. पण लष्करी प्रबोधिनी अर्धवट सोडलेल्या कॅडेटविषयी लोक म्हणतात की त्याला ते जमलं नाही; तो देवाच्या नजरेतून उतरला असं कुणी म्हणत नाही. शिवाय सैन्य संसदेला आणि न्यायालयाला उत्तरदायी असतं. मिशनवर मात्र मिशन प्रेसिडेंट हाच आध्यात्मिक गुरू, हाच बदल्या करणारा वरिष्ठ आणि मुलगा आजारी पडला तर पुढचं ठरवताना पहिला शब्दही त्याचाच. तो तीन वर्षांसाठी आपला व्यवसाय सोडून पत्नीसह आलेला असतो आणि बहुतेक वेळा सज्जन असतो. पण या तीन भूमिका एका माणसाकडे असू नयेत. ‘मला घरी जायचंय’ हे वाक्य ज्याच्यासमोर उच्चारायचं, त्याच्याच हाती आपल्या श्रद्धेचं मोजमाप असेल तर ते वाक्य ओठांवर येणारच नाही.

दुसरी हरकत: परतणं सोपं केलं तर पहिल्या महिन्यातच निम्मी मुलं घर गाठतील. ही भीती खरी ठरते का हे पाहायला चर्चनेच दोन दाखले देऊन ठेवले आहेत. फेब्रुवारी 2019 पर्यंत मिशनरीला घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याचा ईमेल. आईचा आवाज ऐकला की मन घराकडे ओढ घेईल, ही त्यामागची समजूत. त्या महिन्यात नियम बदलला आणि आता दर आठवड्याला घरच्यांशी व्हिडिओवर बोलता येतं. मिशन कोलमडलं नाही. 2018 च्या अखेरीस 65 हजार मिशनरी होते. मधल्या कोविडच्या घसरणीनंतरही 2024 मध्ये ते 74 हजारांवर गेले. दुसरा दाखला कोविडचाच. 2020 च्या वसंतात हजारो मिशनरी जगभरातून घाईघाईने घरी आणले गेले, अनेकांची मुदत अर्धीही झाली नव्हती. काहींना तिथूनच मोकळं केलं, काहींना पुन्हा केव्हा जायचं याचा पर्याय दिला. त्या मुलांना कुणी अपयशी म्हटलं नाही. वॉर्डांच्या प्रमुखांनी म्हणजे बिशपांनी, आयांनी, शेजाऱ्यांनी त्यांना समजून घेतलं. म्हणजे मुदतीआधीच्या परतण्याला लाज आपोआप चिकटलेली नसते. समाज ती लावतो, आणि त्याने ठरवलं तर तो ती लावत नाही.

तिसरी हरकत मला सर्वांत जड वाटते. अडचणीत टिकून राहणं हेच तर मिशन शिकवतं, असं अनेक जण म्हणतात, आणि ते स्वतःच्या आयुष्याकडे बोट दाखवून म्हणतात. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्यात मिशन करून आलेले पुष्कळ होते. कुणी अस्खलित स्पॅनिश बोलतो, कुणी तागालोग. परक्या माणसाचं शांतपणे ऐकून घेणं, गरिबाच्या घरात संकोच न करता बसणं, स्वतःचं जेवण स्वतः रांधणं, हे गुण त्यांच्यात ठळक दिसतात. माझा त्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण त्यांनाच खोदून विचारलं तर बहुतेक जण एक गोष्ट सांगतात: केव्हा तरी, बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मी राहायचं ठरवलं. त्या ठरवण्यातून त्यांचं मिशन खरं सुरू झालं. ज्याला जाता येत असूनही तो राहिला, त्याच्या राहण्याला वजन आहे. ज्याला घरच्या लाजेची भीती धरून ठेवते तो फक्त कॅलेंडर बघत दिवस काढतो, आणि तसे दिवस काढणाऱ्याच्या तोंडून धर्माची गोष्ट ऐकण्यात ऐकणाऱ्याचंही भलं नाही.

चर्चच्या स्वतःच्या रचनेत याचा पुरावा आहे, तो मुलींच्या मिशनमध्ये. प्रत्येक सक्षम तरुण मुलाने मिशन करावं, ते त्याचं धार्मिक कर्तव्य आहे, अशी शिकवण आहे. मुलींना मात्र इच्छा असेल तर जा, नसेल तर काही कमीपणा नाही, असं सांगितलं जातं. 1898 मध्ये आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोन अविवाहित तरुणी पहिल्यांदा अधिकृत मिशनरी म्हणून इंग्लंडला गेल्या. आज हजारो मुली जातात, कुणी कर्तव्य म्हणून सांगितलेलं नसताना जातात, आणि 2012 नंतर तर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. सक्ती नसली की काम बंद पडतं, हे मुलींच्या बाबतीत खरं ठरलं नाही. मग मुलांच्या बाबतीत ते का धरून चालायचं?

भारतापुरतं बोलायचं तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. मॉर्मन मिशनरी भारतात नवे नाहीत. ह्यू फिंडले 1852 मध्ये मुंबईत आले आणि पुण्यातही त्यांनी काम केलं. त्याच वर्षी सॉल्ट लेकमध्ये चर्चने बहुपत्नीत्वाची प्रथा जाहीरपणे मान्य केली आणि ती बातमी इकडे पोहोचल्यावर वृत्तपत्रांनी आणि इतर पंथांच्या पाद्र्यांनी त्यांना सळो की पळो केलं. काही वर्षांतच तो प्रयत्न आटोपला. ती माणसं वयाने वाढलेली, जगाचे टक्केटोणपे खाल्लेली होती. आजचं चित्र वेगळं आहे. 1993 मध्ये बंगळुरू मिशन सुरू झालं, 2007 मध्ये नवी दिल्लीचं. परदेशी मिशनरींना व्हिसा मिळणं अवघड, म्हणून ही दोन मिशनं मुख्यतः भारतीय मुलामुलींवर चालतात. राज्याराज्यांतले धर्मांतरविरोधी कायदे, आणि 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हे सगळं डोक्यावर घेऊन एकोणीस-वीस वर्षांची पोरं परक्या शहरात फिरतात.

अमेरिकन मुलाची विद्यापीठातली जागा अनेकदा दोन वर्षं राखून ठेवली जाते, युटात तर नोकरी देणाऱ्याला मिशन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. हैदराबादच्या किंवा कोइम्बतूरच्या मुलाच्या अर्जावर ती दोन वर्षं नुसती मोकळी दिसतात, आणि कॅम्पस मुलाखतीत त्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की भारतातले अनेक सदस्य पहिल्या पिढीतले आहेत. चर्चमध्ये येताना आई-वडिलांशी, नातेवाइकांशी काही ना काही तुटलेलं असतं. संपूर्ण देशात या चर्चचे सदस्य पंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे एकेका शहरात मूठभर मंडळी. युटातला मुलगा मध्येच परतला तर तो वॉर्डाच्या नजरा चुकवत का होईना, आपल्या घरात परततो. भारतातल्या मुलाला कधीकधी ज्या घरात परतायचं तिथले ‘आम्ही सांगत होतो’ म्हणायला बसलेले असतात, आणि ज्या मंडळीत परतायचं तिथे मान खाली घालावी लागते. त्याला परतीची वाट मोकळी करून देणं हे युटातल्या कुठल्याही वॉर्डापेक्षा भारतात जास्त निकडीचं आहे.

भारतात धर्मांतरविरोधी कायदे करणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. धर्मांतरावरच्या आपल्या वादात हा प्रचारक नेहमी आरोपी म्हणूनच उभा राहतो. त्याच्यावर खटला भरल्याने त्याला पाठवणाऱ्या व्यवस्थेला काहीच झळ लागत नाही. पोराच्या माथी मात्र पोलीस ठाण्याचा अनुभव येतो. रशियाने 2016 मध्ये प्रचारावर कडक निर्बंध घातले, तेव्हा चर्चने तिथल्या तरुणांना स्वयंसेवक हे नाव दिलं आणि त्यांचं वागणं नव्या कायद्याच्या चौकटीत बसवलं. संस्था जुळवून घेते. जुळवून घेण्याचे कष्ट तरुणाच्या वाट्याला येतात.

मग करायचं काय? दर सहा महिन्यांनी प्रत्येक मिशनरीला त्याच्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरच्या माणसाने, शक्यतो समुपदेशकाने, एकट्याला बसवून विचारावं: पुढे राहायचंय का? उत्तर नाही आलं तर कारण विचारण्याचा हट्ट नको, आणि मिशन प्रेसिडेंटने समजूत काढण्याआधी घरच्यांशी बोलणं व्हावं. सहा महिने केलेल्या सेवेलाही सेवा म्हणावं, रविवारच्या सभेत त्यालाही बोलायला उभं करावं, आणि बिशपने ते स्वतःहून करावं. आठवड्याच्या अहवालातून बाप्तिस्म्यांचे आकडे मिशनरीच्या नावापुढून काढावेत. हिशेब ठेवायचा तर तो मिशनच्या पातळीवर ठेवावा. मुलांचंही मिशन मुलींसारखं ऐच्छिक आहे, असं सॉल्ट लेकच्या व्यासपीठावरून एकदा स्पष्ट शब्दांत सांगितलं जावं. शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे, हे मला कळतं. ती पिढ्यानपिढ्यांच्या शिकवणुकीला हात घालते. बाकीच्या मागण्यांसाठी मात्र कुठलाही सिद्धान्त बदलावा लागत नाही.

आपल्यापुरतं, म्हणजे ज्यांच्या दारावर ही मुलं येतात त्या मराठी घरांपुरतं, थोडं करता येण्याजोगं आहे. ऐकायचं नसेल तर स्पष्ट सांगा. उगाच ‘नंतर या’ म्हणू नका, ती खरोखर नंतर येतात. दुपारी घरी एकटी बाई असेल तर मुलं आत येणार नाहीत, नियमच तसा आहे, त्यात अपमान मानू नका. चहा-कॉफी त्यांना चालत नाही, लिंबाचं सरबत चालतं, आणि भर उन्हात सायकल मारून आलेल्याला ते फार बरं वाटतं. आणि धर्माचं बोलणं संपवल्यावर विचारावंसं वाटलं तर एवढं जरूर विचारा: घरी आई-बाबा कसे आहेत, शेवटचं केव्हा बोललास? आपल्याकडे कुणाचंही पोर दारात आलं की आपण हे विचारतोच.